स्वप्न आठवण्यापासून स्वप्नात जागं होण्यापर्यंत: गोव्यातल्या रात्रींसाठी आणि दुपारींसाठी मार्गदर्शक

"मला स्वप्नंच पडत नाहीत," असं ठासून सांगणारं एक तरी माणूस घरोघरी असतं. त्याला झोपेच्या प्रयोगशाळेत नेलं आणि बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलत असताना हलवून उठवलं, तर बहुतेकदा तोही काहीतरी सांगतोच. १९५७ साली विल्यम डिमेंट आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी शिकागोत लोकांना असं उठवून पाहिलं. सुमारे ८० टक्के वेळा स्वप्न हाती लागलं. म्हणजे स्वप्न पडतं, ते उठेपर्यंत टिकत नाही, एवढंच.

ते टिकवायचं कसं, त्यात शिरायचं कसं, वाईट स्वप्न वळवायचं कसं आणि जागेपणीही मनाची वेगळी अवस्था आणता येते ती कशी, हे पुढे सांगितलं आहे. क्रम मात्र पाळा. आधी झोप, मग वही, मग बाकीचं. व्हिडिओ बघून थेट 'स्वप्नात उडायला शिका' या पायरीवर पोचलेले लोक चार रात्री झोपेचं खोबरं करतात आणि सोडून देतात.

रात्रभरात काय काय चालतं

झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड तासाचं एक आवर्तन, आणि अशी चार-पाच आवर्तनं एका रात्रीत. प्रत्येकात आधी हलकी झोप, मग गाढ, आणि शेवटी रेम झोप. डोळ्यांच्या जलद हालचालींवरून (रॅपिड आय मूव्हमेंट) हे नाव पडलं. युजीन असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली तिची नोंद प्रसिद्ध केली. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो आणि रेम जेमतेम दहा मिनिटांची. उत्तरार्धात उलटं होतं, पहाटेची रेम अर्धा-पाऊण तासही चालते. प्रौढ माणसाच्या एकूण झोपेत तिचा वाटा २० ते २५ टक्के.

हिशेब सरळ आहे. अकराला झोपून सहाला उठणाऱ्याची स्वप्नांची खरी कमाई साडेतीननंतर होते. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात. खरं होतं की नाही ते सोडा, पण आठवतं मात्र पहाटेचंच, कारण ते लांबलचक असतं आणि त्याच्या मागोमाग जाग येते. पाच तासच झोपणारा माणूस गाढ झोप बऱ्यापैकी पदरात पाडून घेतो आणि कात्री लागते ती रेमला.

रेममध्ये मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच कामात असतो, फक्त रसायनांचं गणित बदललेलं असतं. असिटिलकोलिन भरपूर असतं, तर नॉरअॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी जवळपास गप्प असतात. भीतीशी आणि भावनांशी जोडलेला अमिग्डाला आणि दृश्यं जुळवणारे भाग तापलेले असतात. कपाळामागचा, दोन्ही बाजूंचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स मात्र मंद असतो, आणि "हे असं कसं होईल?" हा प्रश्न जागेपणी विचारायचं काम मुख्यतः त्याच्याकडे असतं. मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या, १९९०च्या दशकातल्या पेट स्कॅनांनी हे चित्र समोर आणलं. स्वप्नात दृश्यं ठळक, भावना जोरकस आणि अक्कल रजेवर का असते, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

शरीर मात्र जखडलेलं असतं. मेंदूच्या बुंध्यातल्या (ब्रेनस्टेम) पॉन्स या भागातून निघालेला हुकूम पाठीच्या कण्यातल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींना दाबून धरतो. श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे मोकळे राहतात. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा ब्रेक काढून टाकला, तेव्हा ती मांजरं झोपेतच उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झेप घेऊ लागली. हा ब्रेक लक्षात ठेवा, पुढे दोनदा त्याच्याशी गाठ पडणार आहे.

रेम म्हणजेच स्वप्न असं समीकरण मात्र करू नका. मेंदूच्या काही विशिष्ट भागांना इजा झालेल्या रुग्णांची रेम झोप शाबूत राहते, पण स्वप्नं बंद पडतात, हे मार्क सोल्म्स यांनी दाखवलं. २०१७च्या एका अभ्यासात असं दिसलं की झोप कुठलीही असो, डोक्याच्या मागच्या बाजूचा एक पट्टा सक्रिय झाला की माणूस उठल्यावर स्वप्न सांगतो.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसतं झोपा

कंटाळवाणी पायरी आहे, पण हिच्याशिवाय पुढचं काही साधत नाही. झोपायची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालेल, उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा.

गोव्यात अडचणी थोड्या वेगळ्या आहेत. पहिली हवा. रेम झोपेत शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा जवळपास सुट्टीवर जाते, घाम येणं आणि कुडकुडणं दोन्ही मंदावतं. त्यामुळे मे महिन्यातल्या दमट रात्री सगळ्यात आधी रेमच तुटते. एसी असेल तर पहाटे बंद होणारा टायमर लावू नका, नेमकी रेमची वेळ तीच असते. नसेल तर पंखा पायांच्या बाजूने घ्या, सुती चादर वापरा आणि झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ करा. वीज जाते त्या भागात पंख्यापुरता इन्व्हर्टर असणं ही चैन नव्हे.

दुसरी अडचण फेणी. आणि फेब्रुवारी ते मे, उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या उकळीची दारू. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण पूर्वार्धात ती रेम दाबते आणि उतरायला लागली की उत्तरार्धात झोप तुटते. मग पहाटे विस्कळीत, भडक, घाम फोडणारी स्वप्नं पडतात. पिऊ नका असं सांगण्याचा मला अधिकार नाही, पण ज्या रात्री वही भरायची आहे त्या रात्री नको. गांजाचंही तसंच आहे. नेहमी ओढणाऱ्याने अचानक थांबवला की काही दिवस स्वप्नांचा पूर येतो, कारण दाबलेली रेम वसूल केली जाते.

चहा-कॉफीतलं कॅफीन अर्धं व्हायला पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कपातलं अर्धं कॅफीन अकरा-बारालाही अंगात असतंच.

जत्रेच्या दिवसांत गावात रात्रभर नाटक असतं, आणि आपलं नाटकाचं वेड काही सुटणारं नाही. सुटूही नये. पण त्या आठवड्यात प्रयोग करायला जाऊ नका. मांडवीतल्या कॅसिनोत, हॉटेलांत किंवा वेर्ण्याच्या कारखान्यांत पाळीवर काम करणाऱ्यांनी पाळी बदलल्यानंतरचे तीन-चार दिवस सोडून द्यावेत. जहाजावरून सुट्टीवर आलेल्यांनी आधी इथल्या उजेडाला शरीर सरावू द्यावं.

दुसरी पायरी: वही

उशाशी वही आणि पेन्सिल. मोबाइल नको. मोबाइल उघडला की वेळ दिसते, मग दोन न वाचलेले निरोप दिसतात, आणि स्वप्न गेलं. आवाजात नोंद करायचीच असेल तर नेट बंद ठेवून करा.

जाग आली की हलू नका, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. डोळे मिटलेले ठेवा, कूसही बदलू नका, आणि "आज काय काय करायचंय" हा विचार दारातच थांबवा. आत्ता कुठे होतो, कोण होतं, कसं वाटत होतं, एवढंच स्वतःला विचारा. एक धागा हाती आला की तो धरून मागे जा. स्वप्न शेवटाकडून सुरुवातीकडे आठवतं. काहीच नसेल तर ज्या कुशीवर एरवी झोपता त्या कुशीवर सावकाश वळून पुन्हा बघा. मग चार-पाच शब्द खरडा, आणि त्यानंतर सविस्तर लिहा.

इतकी घाई का? रेममध्ये नॉरअॅड्रेनलिन जवळपास नसतं आणि नव्या आठवणी पक्क्या करायला ते लागतं. शिवाय २०१९ साली जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये दाखवलं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या एमसीएच नावाच्या पेशींचा एक गट रेममध्येच जागा होतो आणि आठवणी साठवणाऱ्या हिपोकॅम्पसचं काम ढिलं करतो. विसरणं हा बिघाड नसावा, ती व्यवस्थाच दिसते. त्या व्यवस्थेने काम संपवण्याआधी आपण शब्द पकडायचे.

नोंद वर्तमानकाळात आणि ज्या भाषेत आठवेल त्या भाषेत. आमच्याकडे एकाच स्वप्नात कोकणी, मराठी आणि साहेबाशी बोलायचं इंग्रजी येतं. ते सुधारून एका भाषेत आणू नका. नमुना असा:

"पहाट, ५.४०. फेरीबोट. पैलतीर दिवाडचा की चोडणचा कळत नाही. बोटीत आमचं स्वयंपाकघर आहे, पण खिडक्या शाळेच्या. आजी (जाऊन बरीच वर्षं झाली) विळीवर खोबरं खवते आहे. मी विचारतो, तिकीट काढलंस? ती म्हणते, चालत येणाऱ्याला तिकीट नसतं. पाणी काळं. भीती नाही, घाई आहे. कुठे जायचंय ते माहीत नाही."

यातली शेवटची तीन वाक्यं बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि पुढच्या कामाला तीच उपयोगी पडतात. भावना आणि न जुळणारी गोष्ट, या दोन्ही नोंदीत हव्यातच. गेलेली आजी समोर बसली आहे आणि आपण तिला तिकिटाचं विचारतो आहोत! प्रीफ्रंटल कॉर्टेक्स मंदावला म्हणजे काय होतं, ते याहून सोपं करून सांगता येणार नाही.

दोन-तीन आठवड्यांनी वही सलग वाचा. परत परत येणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा: शाळा, परीक्षा, सुटलेली बस, गेलेली माणसं, वाढलेल्या खोल्यांचं घर. या तुमच्या खुणा. त्यांचा अर्थ लावायला बसू नका. साप दिसला म्हणजे अमुक आणि दात पडले म्हणजे तमुक, अशा याद्यांना मेंदूच्या अभ्यासात काही आधार नाही.

तिसरी पायरी: दुपारची डुलकी

दुपारी एकच्या सुमाराला शटर ओढून साडेतीनला उघडणारी दुकानं बाहेरगावच्या माणसाला चमत्कारिक वाटतात. झोपेच्या अभ्यासाच्या दृष्टीने ही सवय म्हणजे आयती प्रयोगशाळा आहे.

जेवून पडल्यावर झोप लागता लागता डोळ्यांसमोर तुकडे येतात. एखादा चेहरा, रंगांची नक्षी, कोणीतरी नाव घेतल्याचा भास, पायरी चुकल्यासारखा झटका. जाग आणि झोप यांच्यामधला हा उंबरठा. इथे विचार सैल होतात पण भान पूर्ण सुटलेलं नसतं. एडिसन हातात धातूच्या गोळ्या घेऊन डुलकी घ्यायचा आणि त्या पडल्याच्या आवाजाने जागा व्हायचा, अशी गोष्ट सांगतात. ती पडताळून पाहायला पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ साली लोकांना लपलेल्या युक्तीची गणितं दिली आणि मधे हातात वस्तू धरून वीस मिनिटं पडायला सांगितलं. झोपेच्या पहिल्या पायरीवर निदान १५ सेकंद घालवलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना ती युक्ती सापडली. जागेच राहिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, आणि त्याहून खोल गेलेल्यांचा फायदा नाहीसा झाला.

करायचं असं. आरामखुर्ची घ्या, पलंग नको. हात खुर्चीच्या बाहेर लोंबता ठेवा, बोटांत स्टीलचा चमचा आणि खाली उलटं ताट. डोक्यात एकच अडलेला प्रश्न घ्या, मग तो सोडून द्या आणि डोळ्यांपुढच्या अंधाराकडे बघत राहा. चमचा पडला की डोळे न उघडता शेवटचा तुकडा आठवा आणि लिहा. घरच्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर ताटाचा आवाज ऐकून सासूबाई धावत येतील.

एरवी वीस मिनिटांत उठा. पाऊण तासाने उठलात तर गाढ झोपेतून उठाल आणि डोकं जड होईल. रात्री झोप न येण्याचा त्रास असेल त्यांनी ही पायरी सोडून द्यावी.

चौथी पायरी: स्वप्नात जागं होणं

आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच कळणं काही लोकांना आपोआप जमतं. जगभरच्या पाहण्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा निम्म्याहून जरा जास्त, ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी हे अनुभवल्याचं सांगितलं.

हे थोतांड नाही याचा पुरावा डोळ्यांनी दिला. शरीर जखडलेलं असलं तरी डोळे मोकळे असतात. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगशाळेत झोपलेल्या अॅलन वर्स्ली यांनी स्वप्नातून ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि ते यंत्रावर उमटलं. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीव्हन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे सिद्ध केलं. २०२१ साली तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसांशी दुतर्फा संवाद साधला. आठातून सहा गेले किती, असं विचारल्यावर एकाने झोपेतच डोळे दोनदा फिरवून दोन असं उत्तर दिलं. बरोबर उत्तरं मात्र पाचातल्या एका प्रयत्नापेक्षाही कमी वेळा आली, हेही सांगायला हवं.

शिकण्याची सगळ्यात भरवशाची पद्धत लाबर्ज यांचीच आहे.

झोपल्यापासून पाच तासांनी गजर लावा, हळू आवाजाचा. उठा, दिवा न लावता पाणी प्या, आताच पडलेलं स्वप्न आठवा. पाच-दहा मिनिटं जागे राहा, जास्त नको. मग आडवे होऊन मनात म्हणा, "पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल." पोपटपंची नको. प्रत्येक वेळी ते आताचंच स्वप्न डोळ्यांसमोर आणा, त्यातली खूण पाहा, आणि तिथेच ओळखलं असतं तर काय झालं असतं ते रंगवा. फेरीबोटीवर आजी दिसते, मी थबकतो, "आजी तर गेली, म्हणजे हे स्वप्न." झोप लागेपर्यंत हेच.

जोडीला दिवसातून काही वेळा स्वतःला तपासा. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा, स्वप्नात तो बहुधा जातो. किंवा दुकानाची पाटी दोनदा वाचा, स्वप्नात अक्षरं बदलतात. यांत्रिकपणे करून उपयोग नाही, खरोखर शंका घेऊन करा.

अपेक्षा किती ठेवाल? ऑस्ट्रेलियात अॅडलेड विद्यापीठात ही पूर्ण पद्धत वापरणाऱ्यांना आठवड्याभरात सुमारे १७ टक्के रात्री यश आलं. मनातलं वाक्य म्हणून झाल्यावर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं. मला या आकड्यात खरी गोम दिसते: जोर लावणाऱ्यापेक्षा सहज झोपणारा पुढे जातो. म्हणून पहिली पायरी पहिली.

जमलं की पहिली अडचण येते ती उत्साहाची. "अरे, जमलं!" म्हणताच जाग येते. अशा वेळी स्वप्नातले हात एकमेकांवर घासा, जवळची भिंत चाचपा, तपशील बघा. उडायचं ते नंतर. आणि आठवड्यातून एक-दोन रात्रींपेक्षा जास्त पहाटेचे गजर लावू नका. झोप मोडून मिळवलेलं स्वप्न महाग पडतं.

ज्यांना कधी भ्रम, संशयविकार किंवा बायपोलरचा त्रास झाला आहे, किंवा "मी खरा आहे ना?" असं जागेपणीच वाटतं, त्यांनी ही पायरी करू नये. खरं आणि स्वप्न यांच्यातली रेघ पुसट करण्याचा हा खेळ आहे, आणि तो रेघ पक्की असणाऱ्यांनीच खेळावा.

छातीवर कोणी बसलं तर

माझा भाचा कॅसिनोत रात्रपाळी करतो. एकदा घाबराघुबरा होऊन सांगू लागला.

"मामा, डोळे उघडे होते, पंखा फिरताना दिसत होता, पण हात काही उचलेना. दाराशी कोणीतरी उभं होतं. मग ते छातीवर येऊन बसलं."

"उताणा झोपला होतास?"

"हो. दोन दिवस धड झोप नव्हती."

त्याच्या आजीने तोवर गावाच्या राखणदार देवचाराचं नाव घेऊन सीमेवर नारळ ठेवला होता. त्याने काही बिघडत नाही, पण झोपायची पद्धतही बदलायला हवी.

हा तोच मघाचा ब्रेक. मेंदू जागा झाला, पण पॉन्सकडून आलेला जखडण्याचा हुकूम अजून उठलेला नाही. रेममधला श्वास उथळ आणि अनियमित असतो, आपण मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो आणि छाती साथ देत नाही, म्हणून दडपण वाटतं. अमिग्डाला तापलेला असतोच. मग खोलीत कोणीतरी असल्याची खात्री पटते, आणि ते कोणाचं रूप घेणार हे आपल्या गावावर अवलंबून. सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो, विद्यार्थ्यांमध्ये २८ टक्क्यांच्या आसपास. अपुरी झोप, पाळीचं काम आणि उताणं झोपणं या तीन गोष्टी तो ओढवून आणतात.

त्या क्षणी धडपडू नका. उठायचा प्रयत्न जितका जोरात, तितकी भीती वाढते. "हे झोपेचं आहे, एक-दोन मिनिटांत सुटेल," असं मनात म्हणा, श्वास आपोआप चालतो आहे तसा चालू द्या आणि लक्ष फक्त पायाच्या अंगठ्यावर किंवा जिभेवर नेऊन ते हलवून बघा. सुटल्यावर लगेच पुन्हा आडवे होऊ नका, उठून तोंड धुऊन या, मग कुशीवर झोपा. पाठीशी लोड लावून ठेवला तर झोपेत उताणं व्हायला होत नाही.

तेच तेच वाईट स्वप्न

यावर सोपा आणि तपासलेला उपाय आहे, तरी आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांवर तो वापरला, २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि दुःस्वप्नं लक्षणीय कमी झाली.

दिवसाउजेडी बसा. वाईट स्वप्न लिहून काढा. सुरुवातीला सगळ्यात भयंकर नको, मध्यम निवडा. मग ते हवं तसं बदला. शेवटच बदलला पाहिजे असं नाही, कुठेही बदला. नदीत बुडण्याचं स्वप्न असेल तर पाणी गुडघ्याएवढं करा, नाहीतर पात्रात वाळूचा बांध आणा, किंवा नदीच काढून तिथे शेत ठेवा. बदल पटण्यासारखा असायची गरज नाही, तुमचा असला म्हणजे झालं. नवं स्वप्न लिहा आणि रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून तेवढंच मनात चालवा. जुनं पुन्हा पुन्हा उगाळू नका. काही आठवडे द्या.

औषधंही तपासा. रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल दुःस्वप्नं आणू शकतं. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या रेम दाबतात आणि अचानक बंद केल्या की स्वप्नं उसळतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका.

जागेपणीची दुसरी अवस्था: कांदोळीचे फारिया

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला झगा घातलेला एक पाद्री खुर्चीत कलंडलेल्या बाईवर हात पसरून उभा आहे. पर्यटक भुताखेताचा देखावा समजून फोटो काढतात. हे संमोहनाचे आद्य अभ्यासक आबे फारिया, १७५६ साली कांदोळीत जन्मलेले जुझे कुस्तोदियो दे फारिया. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि वाचा बसली, तेव्हा वडिलांनी "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" असं कोकणीत कुजबुजून धीर दिला, ही गोष्ट गोव्यात सगळ्यांना पाठ असते. त्यांनी पुढे पॅरिसमध्ये काय केलं ते मात्र फार थोडे सांगू शकतील.

त्या काळी मेस्मर या वैद्याच्या मताप्रमाणे संमोहन म्हणजे चुंबकी द्रवाचा खेळ होता आणि तो द्रव संमोहकाकडून रुग्णात जायचा. फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून सांगितलं, की माझ्यात काही नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटून झोपेवर लक्ष एकवटायला लावायचं आणि मग मोठ्याने हुकूम द्यायचा, "झोपा!" त्या अवस्थेला ते 'सजग झोप' म्हणत. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते गेले. काही लोकांनाच ही अवस्था का साधते, याचं कारण त्यांनी रक्ताच्या पातळपणात शोधलं. ते चुकलं, पण मूळ मुद्दा टिकला.

किती टिकला ते १९९७च्या मॉन्ट्रियलमधल्या प्रयोगात दिसतं. संमोहित लोकांचा हात ४७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवला आणि वेदना किती असह्य वाटावी याच्या सूचना बदलत नेल्या. पाणी तेच, हात तोच. सूचनेनुसार मेंदूतल्या, वेदनेचा त्रास जाणवण्याशी जोडलेल्या अँटेरियर सिंग्युलेट या भागाची हालचाल कमीजास्त झाली. स्पर्शाची नोंद घेणारा भाग मात्र तसाच राहिला.

घरच्या घरी करायला सोपी पद्धत योगनिद्रेची. उताणे पडा (वर सांगितलेला त्रास असेल तर कुशीवर). उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू करून एकेका अवयवावर लक्ष फिरवा, प्रत्येकावर एखादा श्वास, रेंगाळू नका. एक फेरी झाली की हातपाय जड होत आहेत असं मनात आणा, मग हलके. मग एक ओळखीची जागा रंगवा, आणि तिथला आवाज आधी आणा, चित्र नंतर. आमच्या घरात कौलांवरचा पाऊस पटकन येतो. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. अनुभवी शिक्षकांवर २००२ साली कोपनहेगनमध्ये केलेल्या अभ्यासात योगनिद्रेच्या वेळी मेंदूच्या व्हेंट्रल स्ट्रायटम या भागात डोपामिन या रसायनाचा स्राव अंदाजे ६५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. लोक मोजके होते, म्हणून या आकड्याचे ढोल वाजवू नयेत, पण कृती करायची इच्छा नाहीशी होऊन नुसतं बघत राहण्याची जी अवस्था साधक सांगतात, तिच्याशी तो जुळतो.

ढोलांवरून आठवलं. शिगम्यात किंवा जत्रेत कोणाच्या अंगात भार येतो तेव्हा शिकलेले लोक लगेच 'नाटक' म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. ताल, गर्दी, उपास, जागरण आणि लहानपणापासून पाहिलेली अपेक्षा एकत्र आली की लक्ष खरोखरच वेगळ्या वळणावर जातं. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके गावात निखाऱ्यांवरून चालण्याच्या विधीत चालणाऱ्याच्या आणि बघत बसलेल्या नातेवाइकांच्या हृदयाचे ठोके एकाच लयीत वरखाली झाल्याचं २०११ साली मोजलं गेलं. परक्या प्रेक्षकांचे तसे झाले नाहीत. देव आला की नाही हे यंत्र सांगू शकत नाही, पण शरीरात काहीच होत नाही असं म्हणता येणार नाही. फक्त ती अवस्था घरी एकट्याने आणायला जाऊ नका. तिला आवरणारी माणसं आणि रीत देवळात असते, खोलीत नसते.

आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतल्या गोळ्यांबद्दल विचाराल तर त्या या लेखात नाहीत. एलएसडीसारखे पदार्थ मेंदूतल्या सेरोटोनिनच्या २ए रिसेप्टरांवर बसून जागेपणी दृश्यं उभी करतात. पण जवळ बाळगणं अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायदा, १९८५ खाली गुन्हा आहे, विकत घेतलेल्या गोळीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि घराण्यात मनोविकार असेल तर एक रात्रही महागात पडू शकते.

डॉक्टरकडे कधी

पन्नाशी उलटलेला माणूस झोपेत लाथा मारतो, ओरडतो, पलंगावरून उडी घेतो, आणि उठवल्यावर "मागे कुत्रा लागला होता" असं सांगतो, तर हसण्यावारी नेऊ नका. मघाचा तो ब्रेक सैल झाला आहे. कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ साली माणसांत हा विकार वर्णन केला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा रुग्णांपैकी बहुतेकांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचा आजार होतो, म्हणून मेंदूरोगतज्ज्ञाला दाखवाच. तोवर पलंगाशेजारी गादी टाका, काचेचं सामान आणि कोयता-विळी खोलीबाहेर ठेवा, आणि जोडीदाराने काही दिवस वेगळं झोपावं.

दिवसा हसता हसता गुडघे ढिले पडतात आणि कुठेही झोप लागते, घोरताना श्वास थांबतो, किंवा दुःस्वप्नांमुळे झोपायचीच भीती बसली आहे, ही आणखी तीन कारणं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि तिथेच मनोविकारांसाठी मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था. जाताना चालू औषधांची यादी आणि महिन्याभराची झोपेची नोंद घेऊन जा, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या. रात्री काय होतं ते तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.